नर्सबाईंचं पूर्ण नाव

कोल्हारला आमच्या घरासमोर नर्सबाईंचं बाळंतपणाचं घर होतं. पुढच्या खोलीत तीन लोखंडी खाटा, मागे त्यांचा संसार. लग्नाआधी त्या नगरच्या एका मिशन दवाखान्यात सुईणीचं काम रीतसर शिकल्या होत्या. वडील तिथेच माळी होते. तिथलं सर्टिफिकेट काचेत घालून खाटांच्या वर टांगलेलं होतं.

मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून शिकून नुकतीच घरी आले होते. मराठी बोलताना अडखळायची, म्हणून फारशी बोलतच नसे. लोकांना तो गर्व वाटायचा.

दुष्काळाच्या वर्षी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातून फॉर्म आला. प्रत्येक खासगी प्रसूतिगृहाची नोंदणी झाली पाहिजे, नाहीतर बंद. फॉर्म इंग्रजीत होता. नर्सबाईंनी मला त्यांच्याकडे बोलावून घेतलं.

"बापानं एवढं शिकवलंय, आज उपेगी पडू दे," त्या म्हणाल्या.

जागा, खाटा, पाण्याची सोय, सगळं भरून झालं. नावाची ओळ मी शेवटी ठेवली होती.

"यजमानांचं नाव काय?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी घेऊ व्हय त्यांचं नाव? उखाण्यात घेतलं तेवढंच. बाळंत होताना बाया नवऱ्याच्या नावानं शिव्या घालत्यात, ते ऐकते, तेवढं पुरे!"

"मग लिहून द्या."

"तोंडानं काय आन् हातानं काय, एकच. त्या सर्टिफिकेटावर हाय ते नाव लिव्ह. शिकले त्याच नावानं. दुसरं लिव्हलं तर म्हनतील, हे कुनाचं?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण सर्टिफिकेटवर माहेरचं नाव होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून त्यांचं पहिलं नावही बदललं होतं. फॉर्मवर येणार होतं त्या नावाची बाई कोल्हारात कुणाला माहीत नव्हती. दोन्ही नावं लिहायला हवीत, हे मला कळत होतं. त्यांचे यजमान दहा पावलांवर ओट्यावर सायकलचं पंक्चर काढत बसले होते. सगळं गाव त्यांना पैलवान म्हणे. तुमचं नाव काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. माझा पाय उचलला नाही. मी सर्टिफिकेटवरचं नाव सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि नर्सबाईंनी त्याच नावाने सही केली.

महिन्याभराने तपासणीला साहेब आले. त्या दुपारी नर्सबाई एका वस्तीवर बाळंतपणाला गेल्या होत्या, पैलवानांच्या सायकलवर मागे बसून. दाराला कुलूप होतं. साहेबांनी कागद पाहून शेजारच्या काकूंना नाव विचारलं.

"अशी कुनी बाई हितं न्हाई," काकू म्हणाल्या. "हितं नर्सबाई ऱ्हात्यात."

"त्यांचं नाव काय?"

काकूंनी सासरचं नाव सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

मी खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. दोघी एकच आहेत, एवढंच बाहेर जाऊन सांगायचं होतं. ते वाक्य मी मनात आधी इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत. तोवर जीप सुरू झाली.

पत्र आलं ते मलाच वाचून दाखवावं लागलं. अर्जदार बाई त्या पत्त्यावर राहत नाही; राहते ती बाई शिकलेली असल्याचा पुरावा नाही; अर्ज नामंजूर; यापुढे पेशंट दाखल केल्यास खटला भरला जाईल. नर्सबाईंनी मध्येच एकदा सर्टिफिकेटकडे पाहिलं.

आम्ही एसटीने नगरला गेलो. आरोग्य कार्यालयातल्या कारकुनाने काचेतलं सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, हे तुमचंच कशावरून?"

"माजं न्हाई तर कुनाचं?"

"लग्नाचा दाखला आहे?"

"लग्नाला अख्खं गाव हुतं की. दाखला कशाला?"

"गाव फायलीला लावता येत नाही, बाई."

"फॉर्म मी भरला होता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"मग साहेब आले तेव्हा सांगायचं नाही का?" तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने काय काय लागेल ते लिहून दिलं: कोर्टातलं प्रतिज्ञापत्र, मिशन दवाखान्याचं पत्र, नवा अर्ज. दवाखान्यात गेलो तर जुनी रजिस्टरं शोधावी लागतील म्हणाले, महिना-दोन महिने तरी.

चारच दिवसांनी दुष्काळी कामावरचा खडीचा ट्रक दारात थांबला. मागे एक बाई आडवी होती. सकाळपासून कळा येत असूनही खडी फोडत बसली होती, असं तिची सासू सांगत होती. नर्सबाईंनी मला हाक मारली.

"तो कागद परत वाच. अडलेल्या बाईचं काय लिव्हलंय?"

मी पहिल्यापासून वाचला. "काहीच नाही लिहिलेलं."

"मग तू काय म्हनतीस? घेऊ आत?"

सासू, ड्रायव्हर, पैलवान, सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. नर्सबाई पदर खोचून स्वतःच ट्रकमध्ये चढल्या, त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "नगरला घे. सरकारी दवाखान्यात. खड्डे बघून चालव."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एसटीने परत आल्या. मी दारातच होते.

"राहुरीच्या पुढंच बाळंत झाली," त्या म्हणाल्या. "ट्रकमधीच."

आई आणि बाळ कसे आहेत, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या पुढच्या खोलीत गेल्या आणि खाटांवरच्या गाद्या गुंडाळू लागल्या. गादी जड होती. मी दुसरं टोक धरलं.