हात लावला की चाल

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत श्रीपादकाकांशी बुद्धिबळ खेळायला कोणी सहसा धजावत नसे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तयार माल तपासायची त्यांची नोकरी. केसभर फरक दिसला तरी माल परत. घरीही तोच खाक्या: मोहऱ्याला हात लावला की चाल झाली, तेच हलवायचं. मी त्यांची सख्खी पुतणी, तेव्हा वय सात. भोकाड पसरलं तरी गेलेला वजीर परत मिळाला नाही. "उत्तरा, रडीचा डाव खडी," म्हणायचे आणि मी हरले की स्वतः पेरू कापून, तिखटमीठ लावून द्यायचे. तसा पेरू मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

सत्त्याण्णव साली काकांना अर्धांगाचा झटका आला. सावरले, पण उजवा हात थरथरायचा. त्याच सुमारास त्यांच्या सुधीरने कॉम्प्युटर आणला आणि काका त्यातल्या राज्य वाढवायच्या खेळात बुडाले. दिवाळीला गेले तर बघते काय, प्रत्येक लढाईआधी काका खेळ सेव्ह करून ठेवत होते. हरले की तिथूनच पुन्हा सुरू.

"काका, ही शुद्ध रडी आहे."

"असू दे. समोर कोण आहे? इथे मी लिंबूटिंबू."

"आणि बुद्धिबळ का सोडलंत?"

काकांनी माउस बाजूला सारला. "सुधीर मुद्दाम हरतो गं. तुझी काकू म्हणते, चुकून हात लागला, घ्या मागे. मला न विचारता लिंबूटिंबू करून टाकलंय सगळ्यांनी. इथे निदान माझी सूट मी घेतो."

मला फार वाईट वाटलं. मी पट मांडला.

डाव रंगात आला. काकांना घोडा उचलायचा होता, पण हात थरथरला आणि बोट वजिराला लागलं. वजीर हलवला तर जाणार, हे दोघांनाही दिसत होतं. दारातून सुमतीकाकू मला डोळ्यांनी खुणावत होती. काका पटाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"हात लावलात काका," मी म्हटलं. "चाल."

त्यांनी वजीर हलवला. मी तो मारला. थोड्या वेळात काका हरले. काकूने कपाळाला हात लावला.

"सुमती," काका खुर्चीत ताठ बसत म्हणाले, "घरात पेरू आहे का बघ. आज तो उत्तराने मला कापून द्यायचाय."