खिडकीतले खजूर

इंग्लंडला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. शुक्रवार होता, म्हणजे आमची दुबईतली सुट्टी. अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पोह्यांना फोडणी देत होते आणि पलीकडून माझी धाकटी बहीण मृणाल ओरडत होती, "ताई, मला खिडकी मिळाली!"

मृणाल आणि तिचा नवरा सुहास पश्चिम इंग्लंडात, हेरेफर्डशायरमधल्या एका खेड्यात राहतात. सुहास तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. खिडकीचा उलगडा मग तिनेच केला. सप्टेंबर संपता संपता गावच्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. पीक हाती आलं म्हणून देवाचे आभार मानायचे. चर्चच्या प्रत्येक खिडकीखाली रुंद दगडी कट्टा आहे आणि एकेक कट्टा एकेका घराने सजवायचा असतो. भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या ओंब्या, घरचा पाव, फुलं. कट्टे वर्षानुवर्षं त्याच घरांकडे. यंदा एक बाई मुलीकडे राहायला गेल्या, त्यांचा कट्टा मोकळा झाला आणि तो मृणालला मिळाला.

"आठ वर्षं मी त्या चर्चमध्ये चहाचे कप विसळतेय," ती म्हणाली. "सगळे चांगलं बोलतात गं. पण विसळणारीच राहिले. आता मला जागा मिळालीय. तू ये. आणि आपल्याकडचं काहीतरी आण."

"आपल्याकडचं म्हणजे कुठलं? पुण्याचं की दुबईचं?"

"तूच ठरव. तू मोठी."

मी खजूर नेले. अल ऐनच्या बाजारातून, मऊ, मधाच्या रंगाचे. पुण्यातून काही मागवायला वेळ नव्हता हे खरं. पण पंधरा वर्षं जिथे राहिले तिथलं पीक ‘आपल्याकडचं’ म्हणून द्यायला मी बिचकत होते, हेही खरं.

ही गोष्ट २००३ सालची. तेव्हाच्या डायरीवरून लिहितेय, त्यामुळे भाव जुने आहेत. दुबईहून बर्मिंगहॅमला थेट विमान होतं, सात-साडेसात तासांचं. व्हिसाला वेळ लागतो, आधीच अर्ज करा. गरम कपडे दुबईतच, करामाच्या दुकानांतून घेतले. ते तिथल्या थंडीला पुरले नाहीत, म्हणून पातळ दोन घेण्यापेक्षा एकच जाड कोट घ्या.

विमानतळावर भाड्याने गाडी घेतली. आमचं युएईचं लायसन्स तिथे चाललं. माझा नवरा अविनाश मुंबईचा असला तरी गाडी शिकला दुबईत, रस्त्याच्या उजव्या बाजूने. डाव्या बाजूने चालवायची त्याची ही पहिलीच खेप. मोठा रस्ता निभावला. पण गावाकडच्या वाटा एका गाडीपुरत्या, दोन्हीकडे डोक्याच्या वर गेलेली झुडपांची कुंपणं. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जायचं. आम्हीच गेलो, प्रत्येक वेळी. ट्रॅक्टरवाला एक बोट उचलून आभार मानायचा.

"दुबईत शेख झायेद रोडवर कोणी असं बोट दाखवलं असतं तर अर्थ वेगळा झाला असता," अविनाश म्हणाला.

"बाबा, प्लीज जस्ट लुक ॲट द रोड," मागून आमची सई. वय अकरा. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज.

शनिवारी सकाळी एका शेतावर सफरचंदं तोडायला गेलो. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका. दारात कापडी पिशवी विकत घ्यायची आणि मावतील तेवढी फळं भरायची. पिशवी तीन पौंडांना. अविनाशने लगेच मोठ्याने हिशोब केला, "अठरा दिरहम. म्हणजे सव्वादोनशे रुपये." मग पिशवी इतकी गच्च भरली की बंद तुटला. झाडं बुटकी होती, सईचा हात सहज पोचत होता. खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या असतात, बंद बूट घाला. पलीकडच्या गोठ्यात लाकडी चरकात सफरचंदं घालून रस काढत होते. लोक रांगेत उभे, गप्पा हवामानाच्या. चरक फिरवायला माणूस हवा होता, अविनाशने हात लावला. रस तपकिरी आणि थोडा तुरट होता. सईला आवडला नाही, मी दोन पेले प्यायले. जेवण गावातल्या पबमध्ये. शाकाहारी असाल तर भाजलेला सालीसकट बटाटा, वर चीज आणि बीन्स. पोट भरतं. तिखटाची बाटली आपली न्या.

दुपारी मृणालबरोबर चर्चमध्ये गेलो. आत ओल्या दगडाचा आणि सफरचंदांचा वास होता. प्रत्येक कट्ट्याशी एकेक बाई काम करत होती, बोलणं हळू, हात भराभर. मार्जरी नावाच्या सत्तरीच्या बाई सगळ्यांवर देखरेख करत होत्या. चर्चची व्यवस्था त्यांच्याकडे. कट्टे कुणाला द्यायचे तेही त्याच ठरवत. मृणालने खाली मक्याची कणसं मांडली, मागे ओंब्या, तिच्या बागेतली डेलियाची फुलं आणि मधोमध पितळी ताटात माझे खजूर, गोल गोल रचून. मार्जरीबाई येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "हं. उजेड छान पडतोय त्यांच्यावर."

त्या गेल्यावर मृणालने माझा दंड दाबला. "हे तिचं फार मोठं कौतुक आहे, ताई."

रविवारी सकाळी चर्च भरलं होतं. गाणी झाली. मुलांनी टोपल्या पुढे नेऊन ठेवल्या, पाद्रीसाहेब पाऊस आणि ट्रॅक्टरवर चार शब्द बोलले. मला सगळं समजत होतं, आणि त्याचंच आश्चर्य वाटत होतं. आभार, नैवेद्य, सगळं ओळखीचं. प्रार्थना संपली, लोक उठले, दाराकडे निघाले. मृणाल मागच्या खोलीत चहाचं बघायला गेली होती.

आता माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. आमच्याकडे मंडळाच्या गणपतीत प्रसादाचं ताट घेऊन दाराशी उभं राहायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. आरती झाली आणि लोक रिकाम्या हाताने निघाले तर यजमानाची नामुष्की. इथे तर सगळे निघाले होते आणि दाराशी कुणीच नव्हतं. मला वाटलं, ज्या बाई यंदा नाहीत, त्यांचंच हे काम असणार. म्हणजे आता मृणालचं. आणि ती चहात अडकलीय.

मी पितळी ताट उचललं आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

पहिल्या आजोबांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक खजूर उचलला. "किती छान! आभारी आहे." त्यांच्यामागे सगळेच घेऊ लागले. कुणी म्हणालं "फारच प्रेमळ", कुणी म्हणालं "व्वा, हे नवीनच." पाद्रीसाहेबांनीही घेतला. मुलांनी दोन दोन घेतले. मार्जरीबाईंनी एक उचलला आणि दोन बोटांत तसाच धरून ठेवला, जणू तो ठेवायला जागा शोधत होत्या. मी मराठीत नेहमी म्हणते तेच इंग्रजीत म्हणाले, "घ्या ना, अजून एक."

सई माझा पदर ओढत होती. "आई, नोबडी एल्स इज डूइंग धिस. स्टॉप. प्लीज."

ताट रिकामं झालं तेव्हा मृणाल बाहेर आली. तिने आधी ताट पाहिलं, मग कट्ट्यावरचा मधला गोल खड्डा.

"ताई, अगं काय केलंस!"

"प्रसाद..."

"प्रसाद नसतो गं इथे! उद्यापर्यंत मांडलेलं हलवायचं नसतं. उद्या सगळं म्हाताऱ्यांच्या आश्रमात जातं. कुणी बोटसुद्धा लावत नाही." तिचा आवाज अगदी खाली गेला. "कुणी तुला काही बोललं नाही?"

"सगळे छान म्हणाले."

"तेच तर." ती कपांकडे परत गेली.

 दुपारी घरी अविनाशने एकदा तिची समजूत घालून पाहिली, "अगं मृणाल, खलास, झालं ते झालं." ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही परवा दुबईला जाल. मला पुढच्या वर्षी कट्टा मिळतो की कप, ते मार्जरी ठरवणार आहे."  मी खिडकीशी बसून विचार करत होते की मदत करायची माझी ही घाई नक्की कुणासाठी असते. ताट हातात आलं की मला बरं वाटतं, एवढं मात्र मला ठाऊक आहे.

संध्याकाळी मृणाल म्हणाली, चल, निदान फुलं तरी मध्ये सरकवू. दिवसाउजेडी चर्च उघडंच असतं. आत कुणी नव्हतं. पितळी ताट मी सकाळी कट्ट्यावर तसंच ठेवलं होतं.

ताटात खजूर होते.

सगळे नाहीत, पण बरेचसे. काही कागदी रुमालात नीट गुंडाळलेले. एक पाकिटात. एकाला कोटाच्या खिशातली लोकर चिकटली होती. कुणी घाईने ठेवून गेलेलं दिसत होतं, कुणी मृणालसारखं गोलात रचायचा प्रयत्न केला होता. एका कडेला ओळीने स्वच्छ धुतलेल्या बिया होत्या. ज्यांनी खाल्ले, त्यांच्यापैकी कुणीतरी निदान बी परत केली होती. आणि तरीही जिथे खड्डा राहत होता तिथे कुणीतरी अक्रोड ठेवून तो बुजवला होता.

म्हणजे दुपारभर लोक एकेकटे येऊन गेले होते. बहुधा एकमेकांना न सांगता.

मी म्हणाले, "बघ, त्यांना नकोच होते. माझं मन राखायला घेतले."

मृणाल कागदी रुमाल उलगडत होती. हसत होती की रडत होती ते त्या उजेडात कळेना. "नको असते तर कचऱ्यात गेले असते, ताई. हे लोक माझा कट्टा भरून गेलेत."

"पण मी दिलेलं परत केलं."

"तू दिलेलं परत केलं, माझं होतं ते नीट केलं. दोन्ही."

सईने वाकून बिया पाहिल्या. "धिस इज द मोस्ट पोलाइट थिंग आय हॅव एव्हर सीन," ती म्हणाली. आम्ही फुलं न हलवता परत आलो.

अशा सणाला जाणार असाल तर जरूर जा. चर्चमध्ये कुणालाही बसू देतात, तिकीट नसतं, चहा-केकसाठी डबीत सुटी नाणी टाकायची. कट्ट्यांवरच्या कशाला हात लावू नका. आणि तुम्हाला कुणी काही दिलं, तर ते तुम्ही खरंच घेता की नुसतं धरून ठेवता, याकडे एकदा लक्ष द्या. मी घरी आल्यावर लक्ष द्यायला लागले. शेजारच्या केरळी वहिनी दर ओणमला केळ्याचे वेफर्स आणतात, "कसे झालेत?" मी म्हणते, "छान." ते किती वेळा खरं होतं, हे मी स्वतःला आता कुठे विचारते.

त्या लोकांना तो खजूर खावासा वाटला होता का? मला अजून माहीत नाही. मृणालचं म्हणणं तिला लखलाभ. ती तिथे राहते, तिला कळत असेल.

पुढच्या ऑगस्टात, पुन्हा शुक्रवारी, तिचा फोन आला. मार्जरीबाई बागेच्या फाटकाशी उभ्या राहून सांगून गेल्या होत्या. खिडकी तुझीच, अर्थात. मग जाता जाता थांबून म्हणाल्या, तुझ्या बहिणीने या वर्षी खजूर पाठवले, तर दाराशी एक वेगळं ताट ठेवता येईल. खिडकीतलं खिडकीत राहील.

"तुला काय वाटतं? मनापासून म्हणाली असेल?" मी विचारलं.

"ताई, पाठवतेस की नाही?"

सुहासचा एक मित्र दुबईमार्गे इंग्लंडला परत जाणार होता. मी अल ऐनला जाऊन खजूर आणले, दोन डबे भरले, झाकणं चिकटपट्टीने बंद केली. एका डब्यावर ‘खिडकी’ लिहिलं. दुसऱ्यावर, थोडं थांबून, ‘दार’.