तारेचा बैल

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाची शेपटी भरत होतो. ओसरीत चटई टाकून बसलेलो. प्लायवूडच्या फळीवर मी पेन्सिलने बैल काढला होता आणि त्यात कॉम्प्युटरच्या फेकलेल्या तारांचे गव्हाएवढे तुकडे सरसाने चिकटवायचे होते. तुकडे ती हातात देई, मी चिमट्याने बसवी.

"लालच तुकडे देऊन राहिली ना?" मी विचारलं.

"लालच हाय. आता काय तुमच्या डोळ्यात घालू?"

शेपटीचा गोंडा झाला तशी ती उठली आणि कुकर लावायला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोरीच्या दारात खाली बसली. बसली ती बसलीच. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लालच ना, हे विचारणं आमच्याकडे रोजचं होतं. मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. वडील रेल्वेत, नागपूरकडून बदलीवर रायपूरला आलेले. मीही रेल्वेतच लागायचा होतो. मेडिकलला डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि आकडा कोणता म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुठं आहे आकडा? झालं. वडिलांनी लोकांना सांगितलं, पोराची छाती कमी भरली. खरी गोष्ट मी पुढे एकाच माणसाला सांगितली, लग्न झाल्यावर, तिला. डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की कोणाला बोलणार नाही.

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. शिक्षण सातवी. सुट्या भागांवरच्या रंगाच्या पट्ट्या ओळखू येत नव्हत्या तरी मीटर लावलं की काटा सांगायचा. रंगीत टीव्ही आले तेव्हा पंचाईत झाली. गिऱ्हाईक म्हणे, बातम्यावाल्या बाईचं तोंड हिरवं दिसते. मग बायको जेवणाचा डबा घेऊन आली की मी तिला टीव्हीसमोर बसवी. "अजून थोडं. हं, आता माणसाचं तोंड झालं," ती म्हणे. गिऱ्हाइकाशी ती एकदाही खोटं बोलली नाही.

पुढे रायपूर राजधानी झालं. गल्लोगल्ली सरकारी दफ्तरं उघडली, मग त्यातली बरीचशी नव्या शहरात गेली आणि मागे तारांचे ढीग सोडून गेली. दुकान तोवर बंद पडलं होतं. हात रिकामे राहवेनात. भनपुरीच्या भंगारवाल्या कबाड्याकडून मी पोतं भरून तारा आणू लागलो. ती रंगवार तुकडे करून डब्यांत भरायची. पहिला मोर केला. मग तेलीबांध्याचा तलाव केला, हिरव्या पाण्याचा, तो लग्न झालेल्या पोरीने तिच्या बैठकीत लावला. लोक येत, म्हणत, "काकाजी, रंग काय टाकले!" मी छाती फुगवी. ती शेजारी मान खाली घालून तारा कापत राही. मला वाटे, लाजते.

हा बैल आजोळचा होता. मला त्याचा रंग कसा दिसला ते सोडा, सगळे त्याला तांबडा म्हणत. म्हणून तो लालच पाहिजे होता. मी हे तिला दहा वेळा सांगितलं होतं.

तेरवीला पंगत उठली आणि माझा साळा सुपारी चघळत फळीसमोर उभा राहिला.

"भाऊजी, जिंदगी गेली, पण हिरवा बैल कुठं नाही पाह्यला!"

हसला, आणि मग जीभ चावली. मी पोरीला आत बोलावलं.

"मामाचं काय मनावर घेता, बाबा."

"हिरवा हाय का लाल, तेवढं सांग."

"हिरवा आहे."

"पूरा?"

"पूरा. आईला हिरवा आवडायचा. म्हणायची, लाल बैल तो सब बनाते हैं."

"मी लाल मांगत होतो."

तिने बैलाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"मोर?"

"मोर ठीक आहे."

"तलाव?"

"तलाव लाल आहे, बाबा. आम्ही लोकांना सांगतो, संध्याकाळचा आहे."

"माह्या डोळ्याचं तुले कधी सांगितलं तिनं?"

"माझ्या लग्नाच्या आधीच. मामाला पण माहीत आहे. आई काही वाईट मनाने नाही करायची. हसायची फक्त. म्हणायची, त्यांना काय कळते."

म्हणजे शपथही गेली. चाळीस वर्षं मी ज्या बाईच्या डोळ्यांनी पाहिलं, तिने दुकानात परक्यांना खरं सांगितलं आणि घरात मला खोटं. तलावासमोर माझी तारीफ होत असताना ती लाजत नव्हती, हसू दाबत होती. तिच्या मनात हिरवा होता तर तिने स्वतःची फळी घ्यायची. मी पेन्सिलने काढून दिली असती. विचारलं असतं तर हाही हिरवा केला असता, एखाद वेळेस. विचारलं कुठं? सगळे गेल्यावर तिच्या फोटोपुढे उभा राहून एक शिवी दिली. मग फोटोला घातलेला हार वाकडा झाला होता तो सरळ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारांचे डबे दारात मांडले आणि भाजीवालीची वाट पाहिली. घरच्या कोणाला विचारणार नव्हतो. भाजीवालीला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? तिने टोपली उतरवली. मी एक डबा पुढे केला.

"ये कौन सा रंग है?"

"हरियर हे, बबा. पालक जइसे." तिने पालकाची जुडी डब्याशेजारी धरली. मला दोन्ही मातकट दिसले.

"लाल कौन से में है?"

तिने टमाटर उचलला आणि एका डब्यावर ठेवला. त्या डब्याला मी खिळ्याने ओरखडा मारला. डबा काठोकाठ भरलेला होता.

भाजीवाली गेल्यावर पक्कड घेतली आणि बैलाचं वशिंड उपटलं. सरस पक्का बसला होता, प्लायवूडचे टवके निघाले. पोरगी चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"बाबा, काहून?"

"चहा ठेव तिथं."

ओरखड्याच्या डब्यातले तुकडे एकेक करून लावले. वशिंड भरायला अकरा वाजले. मग उठून ओसरीच्या टोकाला गेलो आणि तिथून पाहिलं. नवीन कुठं संपतं आणि तिचं कुठं सुरू होतं, मला काही दिसलं नाही. परत येऊन बसलो आणि मान उपटायला घेतली.