सहा पातळं आणि एक मशीन

गोधडी शिवायला मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा मी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि एका खोलीत एकटाच राहत होतो. सोबतचे म्हणायचे, "एकटा जीव सदाशिव, तुझी मजा आहे." बोलणाऱ्याचं काय जातं! संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी उपडं घातलेलं भांडं तसंच उपडं दिसायचं. त्यात कसली मजा, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

बायको जाऊन तेरा वर्षं झाली होती. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. कामावर जाताना तिला ठेवणार कुणाजवळ? धाकट्या बहिणीनं तिला कराडकडच्या आमच्या गावी नेलं. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मी जायचो. मुलगी पाया पडायची, पाण्याचा तांब्या आणून द्यायची आणि आत निघून जायची. मान द्यायची, पण पाहुण्याला देतात तसा.

मग तिचं लग्न ठरलं. आमच्याकडं मुलगी सासरी निघाली की आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी बरोबर देतात, आणि ती आईनंच शिवायची असते. बहिणीचं पत्र आलं, वहिनीची पातळं पाठवून दे, इथल्या बायका बसून शिवतील. ती सात पातळं माझ्या ट्रंकेत होती. मी ती पाठवली नाहीत. तेरा वर्षांत मुलीसाठी मी माझ्या हातानं काही म्हणजे काही केलं नव्हतं. ही गोधडी मीच शिवणार, असं बहिणीला कळवून मोकळा झालो. सुईत दोरा ओवायचा तरी माझी धांदल उडायची. पण मशीन म्हटलं की मी कुणाच्या बापाला ऐकत नाही.

कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असायची. पहिल्या शुक्रवारी पालघरला जाऊन नुसताच हिंडून आलो. दुसऱ्या शुक्रवारी स्टेशनजवळच्या एका दुकानात शिरलो. मालकानं फिक्या निळ्या रंगाचं, मोटरवर चालणारं मशीन पुढं केलं आणि मलमलीच्या तुकड्यावर पानंफुलं काढून दाखवली. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मी पिशवीतून माझं जुनं धोतर काढलं, त्याच्या आठ घड्या घातल्या आणि म्हणालो, "यावर चालवा." मोटर कण्हली आणि सुई मोडली.

"अहो, हे झंपर-परकराचं मशीन आहे," मालक म्हणाला. "तुम्ही तर पोती शिवायला निघालात."

कोपऱ्यात एक काळं, वापरलेलं पायमशीन होतं. कुठल्याशा शिंप्यानं म्हातारपणी विकलेलं. मी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि चाक फिरवलं. कारखान्यात आम्ही बेअरिंगचा आवाज असाच ऐकतो. मालकानं विचारलं, "डॉक्टर, नाडी लागते का?" मी लक्ष दिलं नाही. आत खरखर नव्हती. सुईचा दांडा हलवून पाहिला, कुठं ढिला नव्हता. कापड पुढं सरकवणारे दाते झिजले नव्हते. धोतराच्या आठ घड्या मी स्वतः खाली सारल्या. सुई सावकाश पार गेली आणि वरून-खालून सारखा टाका पडला. वीज गेली तरी या मशीनचं काही अडणार नव्हतं.

"याला मरण नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं तर तेवढ्यावरच मी ते घेतलं. न मरणारं काहीतरी घरात असावं, असं मला फार वाटायचं.

पंधरा दिवस मी गोणपाटावर हात बसवला. मग सहा पातळं एकावर एक अंथरली आणि खडूनं पट्टी धरून रेघा मारल्या. सातवं, हिरवं पातळ मशीनवर पांघरायला ठेवलं. धूळ बसू नये म्हणून, असं मी स्वतःलाच सांगितलं.

जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची एक मासेवाली आमच्या खोल्यांवरून फिरायची. एकदा ती दारात आली तेव्हा मी शिवतच होतो. ओशाळून मशीनवरचा पाय काढून घेतला.

"लाजता कशाला भाऊ? आमच्याकडं मासळीची जाली बापयच शिवतात." तिनं गोधडीचा काठ बोटांत धरून पाहिला. "पन एकल्यानं शिवली? गोदडीला तं चार बायका लागतात, गप्पा मारायला."

"मशीन बोलतं की माझ्याशी," मी म्हणालो.

ती हसली नाही. टोपली डोक्यावर घेऊन पुढच्या खोलीकडं गेली.

लग्नाच्या चार दिवस आधी मी गोधडी घेऊन गावी गेलो. सगळ्या शिवणी ओळंब्यात, एक टाका इकडचा तिकडं नाही. मुलीनं ती मांडीवर घेतली आणि चारही कोपरे चाचपले.

"आबा, घास कुठं घातलाय?"

"कसला घास?"

बहिणीनं कपाळाला हात लावला. "बाप्यामाणसाला कुठलं ठावं असतंय? तुम्ही गडी रानात गेल्यावर आम्ही शिवायला बसायचो."

मग तिनं सांगितलं. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात भाकरीचा तुकडा सारायचा आणि मग शिवायचं. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये, उपाशी गोधडी ऊब देत नाही. माझा जन्म असल्या गोधड्यांखाली गेला आणि हे मला माहीत नव्हतं.

मुलीनं ब्लेड आणलं. टाका काही उसवेना. पक्का टाका पडावा म्हणून मी पालघरच्या वाऱ्या केल्या होत्या, आता तोच आडवा आला. शेवटी ब्लेड मी घेतलं आणि एकेक टाका कापत गेलो. तिनं कोपरा ताणून धरला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

तिनं भाकरीचा तुकडा आत सारला आणि हातानंच कोपरा शिवायला घेतला. मान वर न करता विचारलं, "तुमच्या गोधडीत कुनी घातलाय?"

"मला कंपनीचं ब्लँकेट आहे."

तिची सुई थांबली. "म्हंजे तेरा वर्सं उपाशीच निजताय."

माझे डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत.

तिनं दातानं दोरा तोडला. "आत्या म्हनती पातळं सात हुती. सातवं दिवाळीला घेऊन या. तुमची मी शिवते."

लग्न पार पडलं, मी बोईसरला परतलो. दिवाळीला अजून पाच महिने होते, तरी हिरवं पातळ काढून, घडी घालून पिशवीत भरलं. मशीन उघडं पडलं, म्हणून त्याच्यावर कंपनीचं ब्लँकेट टाकलं.