बार्नेकींची किल्ली

पिटमॅरो गावात पावाची दुकानं दोन, पण घराण्याच्या मानचिन्हाची ढाल एकाच्याच दारावर होती. निळ्या रंगावर रुपेरी किल्ली आणि खाली एकच शब्द, 'बाइड'. म्हणजे राहा. वस्तीला राहा, थांबून राहा, सोसत राहा. फाइफच्या किनाऱ्यावर तिन्हींना हा एकच शब्द पुरतो. वॉल्टर बार्नेकीने ती पाटी लग्नाच्या वर्षी रंगवून घेतली होती. कुठल्याशा वेढ्यात म्हणे सगळे पळाले आणि त्याचा एक पूर्वज किल्ल्याच्या दाराशी राहिला. राजाने खूश होऊन त्याला आडनाव दिलं आणि किल्लीही. त्याच्या मुलीला, एफीला, ही गोष्ट पाळण्यातच मिळाली. आई गेल्यावर भट्टीही मिळाली.

मासे विकणारी जेस मावशी पाव घेताना हटकून विचारायची, "वॉल्टर, ती किल्ली किल्ल्याचीच ना रे? का कोंबड्यांच्या खुराड्याची?" वॉल्टर तिला करपलेला पाव काढून द्यायचा.

आर्ची लम्सडेनने एफीला मागणी घातली तेव्हा ती पस्तिशीला टेकली होती. तो हेरिंगची पिंपं बनवायचा. मासळी आटली, पिंपं कोणाला हवीत? तो न्यूझीलंडला निघाला होता आणि तिला बरोबर चल म्हणत होता. एफीच्या मनात 'हो' होतं, पण ते वडिलांच्या समोर जाऊन अडलं. वॉल्टर ओरडला नाही. त्याने नुसतं पाटीकडे बघितलं. बार्नेकी म्हणून आता तो आणि ती, एवढेच उरले होते.

"अहो, बाईला चार पोरं झाली तरी आपण थडग्यावर तिचं माहेरचंच नाव कोरतो," आर्चीने समजावून पाहिलं. "नाव कुठे जातंय?"

"थडग्यावरच्या नावाला पाव भाजता येत नाहीत," वॉल्टर म्हणाला.

मग एके सकाळी एक शहरी गृहस्थ पाटीखाली उभा राहून वर बघत राहिला. एफीला वाटलं, गिऱ्हाईक असेल. तो निघाला एडिंबराच्या मानचिन्ह दरबारातला, जिथे घराण्यांच्या ढालींची नोंद ठेवतात. त्याने अगदी सौम्यपणे सांगितलं, की आपल्या देशात ढाल आडनावाची नसते, एका माणसाची असते. ही ढाल पर्थजवळच्या एका बार्नेकींची आहे. नाव तेच असलं तरी इतरांना ती दारावर लावता येत नाही, उतरवावी लागेल. वॉल्टरने वेढ्याची गोष्ट सुरू केली. पाहुण्याने ती पुरी ऐकून घेतली आणि सांगितलं, की किल्ल्याचं काही त्याच्या वाचनात आलेलं नाही. 'बार्न' म्हणजे धान्याचं कोठार, 'की' म्हणजे किल्ली; कोठाराची किल्ली ज्याच्याकडे, तो बार्नेकी. जेस मावशी तिथेच उभी होती. या खेपेला ती मुकाट्याने पाव घेऊन गेली.

पाटी उतरवताना शिडी एफीने धरली. भिंतीवर ढालीच्या आकाराचा कोरा डाग राहिला. तिला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली. आता कशाला राहायचं? संध्याकाळी आर्चीला सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

पण जाता जाता त्या भल्या माणसाने समजुतीखातर एक गोष्ट सांगून ठेवली होती. वंश दाखवता आला तर अर्ज करून स्वतःची ढाल मिळते, थोड्या फरकाने. पुढे ती मुलीलाही मिळते, फक्त तिने आडनाव राखलं पाहिजे. दुपारभर भिंतीकडे तोंड करून बसलेला वॉल्टर संध्याकाळी उठला. त्याने सूप मागून घेतलं.

"ऐकलंस ना? आपली स्वतःची ढाल. माझ्यामागे तुझी," तो म्हणाला. मुलीसाठी काही जमवून ठेवल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "एवढं होईस्तोवर राहा, पोरी."

त्या चेहऱ्याला नाही कसं म्हणायचं? एफी चर्चमागून चर्च हिंडली, पणज्यांचे बाप्तिस्मे शोधत. आर्चीने तिच्यासाठी वसंतातली बोट जाऊ दिली, मग शरदातलीही. तिसऱ्या बोटीने मात्र तो गेला. त्याला पोचवायला तिला धक्क्यावर जाता आलं नाही. भट्टीत पाव होते.

ढालीचं चित्र घेऊन तोच गृहस्थ पुन्हा आला. किल्ली तशीच, फरकासाठी भोवती बार्लीच्या ओंब्या. खालचा शब्द मात्र हवा तर बदलता येईल, असं तो म्हणाला.

"एफी निवडेल," वॉल्टर उदारपणे म्हणाला. "पुढे तिचंच तर आहे सगळं."

एफीचे हात कोपरापर्यंत पिठात होते. आर्ची गेल्यापासून कणीक मळताना तिने किती शब्द मनात घोळवले होते. 'जा' होता. 'उघड' होता. तिने वडिलांकडे पाहिलं. ते केकची वाट बघणाऱ्या मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तोच राहू दे," एफी म्हणाली.