चष्मेवाल्याच्या मुलीचा नंबर

त्या गल्लीत चष्मेवाल्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला 'नंबरवाले' म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडे. पंचवीस वर्षं तो लोकांचे डोळे तपासत होता. पुढे काचेचा काउंटर, भिंतीवर फ्रेमांच्या रांगा, आणि मागे तपासणीची अंधारी खोली, एवढंच दुकान. अक्षरांचा तक्ता लांब हवा आणि खोली तर हातभर. म्हणून त्याने तक्त्याची दिव्याची पेटी खुर्चीच्या मागे उंच टांगली होती आणि समोरच्या भिंतीवर आरसा लावला होता. गिऱ्हाईक आरशात बघून वाचायचं.

बाहेर काउंटरवर त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चाले. कुणाला 'झोपून वाचता ना, मग भोगा' म्हणून झापेल, कुणाच्या नाकावरची फ्रेम बघून 'ही काय खिडकी बसवलीय?' म्हणेल. पण त्या खोलीत शिरला की वेगळाच माणूस. गिऱ्हाइकाला जड गोल ट्रायल फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि सपाट आवाजात विचारायचं, "हे बरं की ते बरं?" त्याच्या गुरूने त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, दोन्ही 'बरं' एकाच सुरात म्हणायची. सूर जरा जरी चढला तरी भिडस्त माणूस तुझ्या मनातलं उत्तर देतो. आणि दोन, मध्येच तेच भिंग परत घालून बघायचं. तरीही माणूस 'हां, हे जास्त स्वच्छ' म्हणाला, तर समजायचं की तो भिंगाला नाही, तुला उत्तर देतोय. असे भिडस्त लोक पकडण्यात नंबरवाल्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. निदान ते स्वतः तरी तसं सांगत.

त्यांची मुलगी ठमी. घरातलं नाव, पण दुकानातही तेच चाले. ती त्या मागच्या खोलीतच वाढली म्हणायला हरकत नाही. शाळा सुटली की गिऱ्हाईक नसताना तिथेच जमिनीवर वही पसरून बसायची. बाराव्या वर्षी तिचा नंबर अर्ध्यावरून एकवर गेला, तेव्हा नंबरवाल्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "चष्मेवाल्याच्याच घरात ही तऱ्हा! लोक काय म्हणतील?" असं ते बायकोला म्हणत राहिले. त्यानंतर मात्र सहा वर्षं ठमीचा नंबर हलला नाही. मायनस एक म्हणजे मायनस एक. नंबरवाल्यांना केवढी फुशारकी! समोर येईल त्या आईबापाला ते ठमीचं कार्ड काढून दाखवत. सहा ओळी, सहा तारखा, एकच आकडा. "ताठ बसायचं, उजेडात वाचायचं. माझ्या पोरीचं बघा!"

आता ठमी अठराची झाली होती आणि घरात कॉलेजांचा विषय पेटला होता. तिला दोन कॉलेजांनी घेतलं होतं. दोन्ही लहान, चार-पाचशे मुलांची. दोन्हीकडे लिबरल आर्ट्स, म्हणजे इतिहास, गणित, चित्रकला, तत्त्वज्ञान, सगळं एकाच ताटात. 'तिथून बाहेर पडलं की माणूस होतो काय?' असं गिऱ्हाइकं विचारत. 'माणूसच होतो, बाकीच्या ठिकाणी त्याचीच खात्री नाही,' असं ठोकून देऊन नंबरवाले मोकळे होत. एक कॉलेज तळ्याकाठी, बसने अर्ध्या तासावर. दुसरं टेकडीवर, गाडीने सहा तास. ठमी दोन्ही बघून आली होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि एकदा कळवला की तीन वर्षं तिथेच.

टेकडीवरून आल्यावर ती तीन दिवस एकाच तासाबद्दल बोलत होती. कुणी एक बाई जुन्या नकाशांबद्दल शिकवत होत्या. भिंतीवर मोठा नकाशा टांगला होता, त्यावरून इतिहास काय, भूमिती काय, लोकांची भीती काय! "आणि त्या बाईंनी नकाशातल्या एका कोपऱ्यावर काठी ठेवली तर सगळा वर्ग खो खो हसला," ती म्हणाली होती.

"काय होतं तिथे?" आईने विचारलं होतं.

"असंच. सांगण्यासारखं नाही."

आणि चौथ्या दिवशी तिने सांगितलं, तळ्याकाठचं. नंबरवाल्यांना हायसं वाटलं. पोर रोज घरी येणार, आणखी काय हवं? पण बायकोला ते पचेना. ती काउंटरवर फ्रेम बसवून द्यायची. कुठल्या चेहऱ्याला काय रुतणार हे तिला न विचारता कळायचं.

मंगळवारी दुपारी दुकान रिकामं होतं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तिला नीट विचारा एकदा. ही तिच्या मनातली निवड वाटत नाही मला."

"त्यात काय! हा बघ विचारतो." नंबरवाले मजेत होते. मागच्या खोलीत ठमी पुस्तक घेऊन बसली होती. त्यांनी दारातूनच डॉक्टरी आवाज काढला. "ठमाबाई, तळं... टेकडी. हे बरं की ते बरं?"

ठमी हसली. "तळं."

"का बरं?"

"तिथे वर्ग छोटा आहे. बाराजण टेबलाभोवती बसतात. फळा अगदी हाताशी."

"आणि टेकडीवर?"

"तिथे पायऱ्यापायऱ्यांचा मोठा हॉल आहे. फळा लांब."

"मग पुढच्या बाकावर बस. बूड जड आहे का तुझं?"

"पुढेच बसले होते, बाबा. नाही दिसत."

ती हे इतकं सहज बोलली की तिलाच ते बोलून गेल्यावर ऐकू आलं. तिने पुस्तक मिटलं. नंबरवाले आधी हसले. दिसत नाही म्हणजे काय? कुणाच्या मुलीला दिसत नाही?

"मायनस एक आहे तुला. माझं स्वतःचं अक्षर आहे त्या कार्डावर! बस खुर्चीत. वाच."

ठमी खुर्चीत बसली. त्यांनी खोलीतला दिवा घालवला, पेटीचा लावला. तिने आरशाकडे बघितलं आणि वरून खालपर्यंत घडाघडा वाचलं. शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा.

"दिसतंय की! मग काय नाटक लावलंयस?"

ठमीने आरशावरची नजर काढली. मग म्हणाली, "बाबा, दिवा बंद करा पेटीचा."

"कशाला?"

"करा ना."

त्यांनी दार लोटलं आणि बटण दाबलं. खोलीत मिट्ट काळोख झाला; आरसा कुठे, भिंत कुठे, काही कळेना. आणि त्या काळोखात ठमीने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी. एकही अक्षर न चुकता, न अडखळता ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली. मग म्हणाली, "तक्त्याच्या मागच्या बाजूची अक्षरं पण येतात. तीही म्हणू?"

नंबरवाले भिंगांच्या पेटीला धरून उभे राहिले. पंचवीस वर्षं! गल्लीतला एकेक लबाड, एकेक भिडस्त माणूस त्यांनी याच खुर्चीत पकडला होता. आणि ही पोर सहा वर्षं त्यांच्या नाकासमोर पाठ केलेलं म्हणत होती, आणि ते मान डोलावत कार्डावर आकडा लिहीत होते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आधी बत्ती फिरवून ते अंदाज घेत, मगच भिंगं लावत. ठमीच्या डोळ्यांत सहा वर्षांत एकदाही बत्ती फिरवली नव्हती. घरच्या माणसाला कशाला? तेच भिंग परत घालून बघणं तर त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"का गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जेवला नव्हतात," ठमी म्हणाली.

दार उघडून बायको तिथे उभी होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. "अगं, शाळेत काय करायचीस मग?"

"शेजारची सांगायची. नाहीतर ऐकून लिहायचे. टेकडीवर सगळे हसले ना, तेव्हा मीपण हसले. नकाशात काय होतं ते मला माहीतच नाही. भिंतीवर नुसता तपकिरी डाग दिसत होता."

नंबरवाल्यांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही. सगळ्या वर्गाबरोबर काहीही न दिसता हसणारी आपली पोर त्यांना त्या अंधारात लख्ख दिसली, आणि स्वतःची इतकी शरम त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती. मग त्यांनी बाहीने तोंड पुसलं, खोलीतला दिवा लावला आणि फ्रेमांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. पेटीत घालायला नवा तक्ता नव्हता. होते ते सगळे ठमीला पाठ. त्यांनी जाड पेनाने पुठ्ठ्यावर मनाला येतील ती अक्षरं लिहिली, आरशात सुलटी दिसतील अशी उलटी. घाईत अक्षरं वाकडीतिकडी आली. पुठ्ठा पेटीवर टांगून झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "तू विचार. माझा आवाज नको. मी फक्त भिंगं बदलतो."

बायको खुर्चीमागे उभी राहिली आणि दळण सांगावं तशा सपाट आवाजात विचारू लागली. "हे बरं की ते बरं?" नंबरवाले खाली मान घालून भिंगं बदलत होते. सव्वा. दीड. पावणेदोन. दोन झाले, अडीच झाले. पावणेतीनला ठमीने पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ वाचली. हळू वाचली, एका अक्षराला अडली, दुरुस्त केलं. पाठ नसलेलं वाचताना माणूस अडतो, हे ते रोज बघत होते.

मग त्यांनी पावणेतीनचं भिंग काढलं आणि तेच परत घातलं.

"हे बरं की ते बरं?" आई म्हणाली.

"दोन्ही सारखंच आहे," ठमी म्हणाली.

दुसरा डोळाही तसाच निघाला. ती ट्रायल फ्रेम नाकावर तशीच घेऊन ठमी उठली, दुकानाच्या दारात गेली आणि रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचू लागली. किल्लीवाल्याची पाटी, तिच्याखालच्या वेळा, वरच्या मजल्यावरच्या खिडकीत वाळत घातलेल्या शर्टाची बटणं. "आई गं, एक तुटलंय त्याचं," ती म्हणाली. तिची आई हसली आणि लगेच तिला हुंदका आला.

नंबरवाले काउंटरमागे गेले. कॉलेजचे दोन्ही कागद तिथेच पडले होते. त्यांना मनापासून तळं हवं होतं, रोज संध्याकाळी पोर घरी हवी होती. आता तर सहा वर्षांचं भरून काढायचं होतं, मग ती जास्तच हवी होती. आपलं तोंड दिसलं तर ती ओळखेल, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ केली. फ्रेमांच्या रांगांकडे बघत, सूर जराही न चढवता त्यांनी विचारलं, "तळं की टेकडी?"

मागे ट्रायल फ्रेम काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला.

"टेकडी," ठमी म्हणाली. "बाबा, त्या नकाशात काय होतं ते मला बघायचंय."

'नक्की ना?' हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. माणूस खरं उत्तर देतो तेव्हा परत विचारायचं नसतं. त्यांनी ठमीचं कार्ड काढलं, सहा ओळींच्या खाली तारीख घातली, पावणेतीन लिहिलं. मग ते भिंगं घासायच्या यंत्रापाशी बसले आणि शुक्रवारी होकार कळवायच्या आत व्हावा म्हणून तिच्या लांबच्या चष्म्याला लागले.