बत्तीस उंबरे

मी एका भल्या माणसाविरुद्ध अर्ज लिहिला होता. त्यातला शब्दन् शब्द मी स्वतः पाहिलेला किंवा ऐकलेला होता, आणि तरी तो अर्ज खोटा होता. हे आधीच सांगून टाकतो. कारण त्या माणसाबद्दल चांगलं बोलायला लागलो की हे सांगायचं राहून जातं. दोन-तीनदा तसं झालं आहे. ऐकणारे म्हणतात, ‘काय माणूस असेल हो!’ आणि मी मान हलवून गप्प बसतो.

सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. उंच, वाळलेले, डावा खांदा जरा उतरलेला, डोक्याला मळकं पागोटं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पण अण्णांची खूण वेगळी होती. ते दारात उभे राहायचे. कुणाच्याही उंबऱ्याशी येऊन हातातली बैल हाकायची पराणी भिंतीला टेकवायची आणि उभं राहायचं. हाक नाही, कडी वाजवणं नाही, खाकरणंसुद्धा नाही. घरातल्या माणसाला कशी कोण जाणे चाहूल लागायची. तो बाहेर आला की अण्णा म्हणायचे, “चला, रान वाट बघायलंय.”

एवढं बोलून पुढच्या दारी.

कोहिनूर नावाच्या गावापुढे दोन कोसांवरचं ते गाव. बत्तीस घरं, एक आड, एक चिंच, आणि सभोवती काळी जमीन. काही घरांत मराठी, काहींत कानडी, पाच घरांत दखनी. अण्णा ज्या दारात उभे राहत त्या दाराची भाषा बोलत. कानडी घरापुढे “होलक्क बर्री,” आणि मुसलमानांच्या दारात “चलो भाई, खेत राह देखरा.” तिन्ही भाषांत त्यांचा आवाज सारखाच मऊ असायचा.

पोलिस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. हस्त नक्षत्राच्या दिवसांत मी त्या गावच्या शाळेवर मास्तर म्हणून रुजू झालो. वय बावीस. गुलबर्ग्यात उर्दूतून शिकलेलो, पायात बूट, आणि गावातलं काही म्हणजे काही माहीत नाही. पहिल्या संध्याकाळी खोलीत कंदील पुसत बसलो होतो, तर दारात हा उंच माणूस.

“काय पाहिजे?” मी विचारलं.

“काई न्हाई. तुमी जेवलाव का, बघाया आलतो.”

मी जेवलो नव्हतो. त्यांच्या घरची ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि तुरीचं वरण, असं त्या गावातलं माझं पहिलं जेवण झालं. ते समोर बसून होते. मी पुरे म्हणालो की म्हणायचे, “पुरं कसं? आजून तुमचा आवाज उपाशी यायलाय.”

आठ दिवसांनी शाळा तपासायला साहेब येणार होते. मी भिंती सारवून घेतल्या, नकाशा टांगला. साहेब आले त्या सकाळी शाळेत सात मुलं होती. बाकीची आईबापांबरोबर रानात गेलेली. साहेबांनी रिकाम्या बसकर पट्ट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मास्तर, पोरं कुठं पुरून ठेवलीत?” बरोबरचा शिपाई हसला. ते हसणं मला फार लागलं.

साहेब गेल्यावर मी तणतणत रानात गेलो. बघतो तर अण्णांच्या शेतात सगळं गाव. अकरा औतं एका ओळीत चाललेली, मागे पेरणीच्या तिफणीवर बाया चाड्याच्या नरसाळ्यात ज्वारी सोडताहेत, पोरं ढेकळं फोडताहेत. आणि अण्णा बांधावरून हातवारे करत फिरताहेत.

मी रुद्रप्पाला गाठलं. हा गावातला नामांकित आळशी. एकदा अण्णा येताना दिसले म्हणून तो कडब्याच्या गंजीत शिरला होता. अण्णा गंजीला टेकून उभे राहिले आणि पाऊसपाण्याचं बोलत राहिले. शेवटी रुद्रप्पा शिंकला, तेव्हा म्हणाले, “बरं झालं, गंजी जागी झाली.” ही गोष्ट गाव अजून सांगतं. पण मला ती फार पुढे कळली.

“मजुरी काय मिळते?” मी विचारलं.

“मजुरी कसली गुरुजी? दुपारचं जेवण.”

“आणि नाही म्हणालास तर?”

“न्हाई कसं म्हनावं? दारात येऊन उभारतेत की.”

तो हसत होता. तो हसत होता, हे मी अर्जात लिहिलं नाही.

आमच्या भागात वेठ काय असते हे सांगायला नको. जहागीरदाराच्या रानात गावाने फुकट राबायचं, नाहीतर पाठीवर वळ. नव्या सरकारने ती बंद केली होती, आणि कुठे दिसली तर कळवा अशी आम्हा मास्तरांना ताकीद होती. एकाच्या शेतात सगळं गाव, मजुरी नाही, आणि एक माणूस दारोदार जाऊन बोलावतो. मला वेठच दिसली. विचारावं असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचं नव्हतं. मला त्या शिपायाच्या हसण्याचा कुणावर तरी राग काढायचा होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, चांगल्या वळणदार उर्दूत, सही न करता मी अर्ज लिहिला आणि बाजारच्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत टाकून आलो.

मी जे पाहिलं त्याला गावात इर्जिक म्हणत. काळ्या रानात पेरणीजोगी ओल आठ-दहा दिवसच टिकते. एकट्याच्या औताने तेवढ्यात उरकत नाही, आणि अर्ध्या गावाकडे तर बैलच नव्हते. म्हणून सगळ्यांनी मिळून एकेकाचं रान उरकायचं. ज्याचं रान त्याने जेवण घालायचं. ज्याच्याकडे तेही नाही त्याने आंबील द्यायची. क्रम अण्णा लावत. ज्याच्या दारात बैल नाही त्याचं रान सगळ्यात आधी, आणि अण्णांचं स्वतःचं सगळ्यात शेवटी. मी गावात पोचलो तोवर बाकीची रानं होऊन गेली होती, अण्णांचं तेवढं मधल्या पावसाने अडलं होतं. मी पाहिली ती शेवटची इर्जिक.

हे सगळं मला गंगाक्काने सांगितलं. ती गावकुसाकडची एकटी विधवा. पाच एकर रान, बैल नाही. तिचं रान दर वर्षी पहिलं व्हायचं. तिने सहज बोलता बोलता सांगितलं, आणि तोवर अर्ज जाऊन बारा दिवस झाले होते. मी तालुक्याला जाऊन तो मागे घेऊ शकलो असतो. उद्या जाऊ म्हणालो. मग परवा.

पंधराव्या दिवशी दारात अण्णा. हातात घडी घातलेला कागद.

“गुरुजी, कचेरीचा माणूस देऊन गेला. वाचा की, काय लिवलंय.”

मी वाचलं. माझीच वाक्यं होती, कारकुनाने उतरवलेली. मी ती एकेक करून त्यांना मराठीत सांगितली. ते मान हलवत ऐकत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल आहे.

“कुनी दिला म्हनायचा अर्ज?”

“नाव नाही लिहिलेलं,” मी म्हणालो. तेही खरंच होतं.

“आसंल कुनी दुखावलेला,” ते म्हणाले. “माझ्या हातून कुनी दुखावला आसंल तर मला सांगायचं हुतं की. दारात कामून न्हाई आला?”

ते तालुक्याच्या कचेरीत चालत गेले, आणि चार दिवसांनी चालत आले. अंगठ्याला निळी शाई. गावाने पारावर घेरलं तेव्हा म्हणाले, “सायबानं इचारलं, लोकायला मजुरी देतूस का? म्हनलं न्हाई. तू बोलवल्यावर येतेत का? म्हनलं व्हय. खरंच हाय की. मग कागुद केला, की मी कुनाला कुनाच्या रानात बोलवनार न्हाई. आंगठा दिलाय.”

“कागदाला काय हुतंय, अण्णा?” रुद्रप्पा म्हणाला.

“कागदाला न्हाई हुत. आंगठा माझा हाय.”

पुढच्या पेरणीला इर्जिक झाली नाही. अण्णांशिवाय बोलवायची कुणाची हिंमत नव्हती. कचेरीचं नाव निघालं की गाव गप्प व्हायचं. ज्याच्याकडे बैल होते त्याने आपलं रान केलं. सवयीने अण्णा सकाळी निघायचे, एखाद्या उंबऱ्याशी जाऊन पराणी टेकवायचे, आणि मग आठवायचं. आतून माणूस बाहेर आला की म्हणायचे, “काई न्हाई. सहज.” काही दिवसांनी तेही बंद झालं.

दुसऱ्याला बोलवायची बंदी होती, स्वतः जायची नव्हती. ते आपली जोडी घेऊन आधी गंगाक्काच्या रानात जात, मग आणखी एक-दोघांच्या. स्वतःच्या रानात यायचे तोवर ओल गेलेली. तिसऱ्या वर्षी त्यांचा एक बैल फऱ्या रोगाने मेला. त्या साली शाळेच्या खिडकीतून मी पाहिलं. गंगाक्का खुरप्याने खड्डा करून एकेक दाणा टोकते आहे आणि शेजारच्या ओळीत अण्णा. पाच एकर रान आणि दोन वाकलेल्या पाठी. सहा दिवस ती दोघं तिथे होती. मी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीकडे पाठ केली.

आणि दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत अण्णा स्वतः भाजलेली कणसं फडक्यात बांधून माझ्या दारात आणायचे. “खावा गुरुजी, गरम हाय तवर.” मी खात होतो.

तुम्ही म्हणाल, सांगून का नाही टाकलं? मलाही आज तेच वाटतं. तेव्हा दर वर्षी वाटायचं, आता फार उशीर झाला. आणि दर वर्षी उशीर एका वर्षाने वाढायचा.

मग राज्यांची वाटणी ठरली आणि ते गाव कानडी मुलखात गेलं. मराठी मास्तरांच्या बदल्या निघाल्या. मला उदगीरकडचं गाव मिळालं. हुकूम आला तेव्हा पुन्हा हस्तच चालू होता. चांगला पाऊस होऊन उघडीप मिळाली होती. त्या साली अण्णांचे गुडघे धरले होते. ओट्यावरून उठायला दोन माणसं लागत. त्यांचं रान तसंच पडून होतं, आणि त्या बाजूने जाताना माणसं दुसरीकडे बघत.

दोन दिवसांनी माझी गाडी निघणार होती. सकाळी मी बूट काढून ठेवले आणि बाहेर पडलो.

पहिलं दार रुद्रप्पाचं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. हाक मारली नाही. तो बाहेर आला.

“रुद्रप्पा, अण्णांवरचा अर्ज मी लिहिला होता. आज त्यांच्या रानात ये.”

“पाच-सहा वर्सं झाली की गुरुजी.”

“हो.”

“हुरडा खाल्लाव त्यांचा.”

“खाल्ला.”

त्याने दार लावून घेतलं.

पुढच्या दारी मोडक्या कानडीत सांगितलं. तिथला म्हातारा थुंकला आणि आत गेला. चौथ्या दारी एक मुसलमान चाची तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं आणि सूप खाली ठेवलं. “अब बोलरा? इत्ते दिनां मुँह में क्या था?” ती आत वळून मुलाला म्हणाली, “बैलां छोड. इसकी बात बाद में देखेंगे.”

गंगाक्काने ऐकून घेतलं. तिने ज्वारीचं बी पदरात घेतलं आणि अण्णांच्या रानाची वाट धरली. मला वाटलं होतं, सांगून सांगून जीभ सरावेल. तसं झालं नाही. तेच वाक्य प्रत्येक उंबऱ्यावर नव्याने जड जात होतं. कुणी बसा म्हणालं नाही. कुणी पाणी दिलं नाही. एकतीस दारं झाली तेव्हा ऊन चढलं होतं.

अण्णा आज नाहीत. मी उदगीरकडे गेल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं; ज्वारी घरात आली होती, असंही पत्रात लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे ते येतात ते मात्र त्या सकाळचे. ओट्यावर बसलेले, पागोटं मांडीवर, पराणी भिंतीला टेकलेली.

बत्तिसाव्या उंबऱ्याशी मी उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं.

“कामून उभारलाव गुरुजी? आत या की. अनवाणी कामून?”

गल्लीतून घुंगरांचा आवाज येऊ लागला होता. एक औत, मागे आणखी एक. सगळ्यात शेवटी रुद्रप्पाचं, आणि तो बैलांना मोठमोठ्याने शिव्या देत होता. अण्णांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्यासारखं काही आलं. अंगठा त्यांनी मुठीत धरला.

“मी न्हाई बोलवलं कुनाला,” ते म्हणाले.

“तुम्ही नाही. मी बोलावलं.” मी त्यांच्या पायांशी खाली बसलो. “अण्णा, तो अर्ज मी लिहिला होता. शाळा रिकामी पडली, साहेब बोलले, त्याच्या रागात लिहिला. नंतर खरं कळलं तरी गप्प बसलो. तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हाही गप्प बसलो. तुम्ही म्हणाला होतात, दारात कामून न्हाई आला. आज आलोय. माझं चुकलं, अण्णा.”

त्यांनी मांडीवरचं पागोटं उचलून डोक्याला घातलं. मग मी त्यांना उठवून रानात न्यावं म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात केला.